लिनक्सवर ३६० अंशांचे फोटो फिरवून बघण्यासाठी: पॅनेलमची मांडणी पायरीपायरीने

३६० अंशांचा फोटो लिनक्समधल्या नेहमीच्या फोटो दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडला की एक लांबट पट्टा दिसतो. क्षितिज मधोमध असतं, पण वरचं आकाश आणि पायाखालची जमीन आडवी ताणून पसरलेली असते. फोटो बिघडलेला नाही. जगाच्या नकाशात ध्रुवाजवळचे प्रदेश जसे रुंद होऊन दिसतात, तसंच हे आहे. अख्खा गोल सपाट करून साठवलेला असतो आणि तो पुन्हा गोल करून दाखवणारा प्रोग्राम लागतो.

असा प्रोग्राम शोधायला गेलात की आधी जुने सल्ले हाती लागतात. फ्रीपीव्ही, जावा ॲपलेटवर चालणारा पीटीव्ह्यूअर, फ्लॅशवरचे व्ह्यूअर, वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्याची सोय) क्विकटाइम बसवणं, असे सगळे. त्यांच्यामागे लागू नका. ब्राउझरमध्ये प्लगइन चालवण्याची जुनी सोय क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये काढून टाकली, फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं, आणि विंडोजसाठीचं क्विकटाइम ॲपलने २०१६ मध्येच सोडून दिलं. जुना सोर्स कोड खटपट करून कंपाइल केलात तरी तो ज्या ब्राउझरमध्ये बसायचा, तो ब्राउझर आता राहिलेला नाही.

आज सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे पॅनेलम. मॅथ्यू पेट्रॉफ यांनी लिहिलेला हा मुक्त व्ह्यूअर एमआयटी परवान्याखाली मिळतो आणि ब्राउझरमधल्या वेबजीएलवर (थ्रीडी चित्र दाखवण्याची सोय) चालतो. तो सिस्टिममध्ये इन्स्टॉल करावा लागत नाही, त्यामुळे उबंटू, डेबियन, फेडोरा, आर्च कुठेही सारखाच वागतो. फोटो कोणत्याही संकेतस्थळावर चढवावा लागत नाही, तो तुमच्याच डिस्कवर राहतो. घराच्या आतले किंवा कुटुंबाचे फोटो असतील तर एवढ्यासाठीसुद्धा हा मार्ग घ्यावा.

आज्ञांबद्दल एक सूचना. या लेखात त्या देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करा. मोठं अक्षर जिथे लागतं, तिथे तसं सांगितलं आहे. पॅनेलमच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन एन आणि दोन एल आहेत. शोधताना इथेच चूक होते.

काय काय लागेल

- फायरफॉक्स, क्रोमियम किंवा क्रोम, शक्यतो अलीकडची आवृत्ती
- पायथन ३ (बहुतेक लिनक्समध्ये आधीच असतं)
- पॅनेलमची तयार झिप फाइल
- एक्झिफटूल: फोटोत दडलेली माहिती वाचायला आणि लिहायला
- इमेजमॅजिक: फोटोचा आकार कमी करायला
- मेसा-युटिल्स: ग्राफिक्सची चाचणी घ्यायला
- हगिन-टूल्स: फोटो फार मोठा असेल तरच

उबंटू आणि डेबियनवर हे सगळं एका ओळीत येतं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबइमेज-एक्झिफटूल-पर्ल इमेजमॅजिक मेसा-युटिल्स हगिन-टूल्स

फेडोरावर एक्झिफटूलच्या पॅकेजचं नाव पर्ल-इमेज-एक्झिफटूल असं आहे (त्यात इमेजचा आय आणि एक्झिफटूलचे ई व टी मोठे) आणि हगिन-टूल्सऐवजी हगिन-बेस घ्यावं लागतं.

१. फोटो खरंच ३६० अंशांचा आहे का, ते आधी तपासा

ही पायरी गाळून पुढे गेलेल्यांचाच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. पूर्ण गोलाचा फोटो नेहमी २:१ असतो, म्हणजे रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. रिको थीटा एसचा फोटो ५३७६ × २६८८ असतो, थीटा झेड१ चा ६७२० × ३३६०, इन्स्टा३६० वन एक्सचा ६०८० × ३०४०. तुमच्या फोटोचं माप असं बघा:

आयडेंटिफाय राजगड.जेपीजी

२:१ नसेल तर दोन शक्यता. फोनच्या पॅनोरमा मोडमध्ये काढलेला अर्धवट पॅनोरमा असेल, तर त्यासाठी पायरी ६ आहे. कोणीतरी कडा कापल्या असतील, तर त्यालाही तीच पायरी लागू. माप २:१ असूनही चित्रात दोन गोल शेजारीशेजारी दिसत असतील, तर ते दोन फिशआय भिंगांचं न जोडलेलं चित्र आहे. इन्स्टा३६० च्या आयएनएसपी फाइली अशाच असतात. आतून त्या जेपीजीच असल्याने नुसतं नाव बदललं तरी उघडतात, पण जोडलेल्या मात्र नसतात. त्या जोडणारा कंपनीचा डेस्कटॉप प्रोग्राम विंडोज आणि मॅकसाठी आहे, लिनक्ससाठी नाही. हगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या प्रोग्राममध्ये हाताने जोडता येतात, पण ते वेळखाऊ काम आहे. फोनवरच्या ॲपमधून ३६० फोटो म्हणून बाहेर काढून घ्या, तेच सोपं.

माप बघून झालं की आतली माहिती बघा:

एक्झिफटूल -एक्सएमपी-जीपॅनो:ऑल राजगड.जेपीजी

प्रोजेक्शन टाइपसमोर इक्विरेक्टँग्युलर (अख्खा गोल सपाट मांडण्याची वर सांगितलेली पद्धत) आलं तर उत्तम. काहीच आलं नाही तर बहुधा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला आहे. व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा आकार कमी करतं आणि ही माहितीही पुसून टाकतं. पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मूळ प्रत मिळण्यासारखी नसेल आणि चित्र २:१ असेल, तर खूण स्वतः घाला:

एक्झिफटूल -प्रोजेक्शनटाइप=इक्विरेक्टँग्युलर -यूजपॅनोरमाव्ह्यूअर=ट्रू राजगड.जेपीजी

एक्झिफटूल मूळ फाइल नावापुढे अंडरस्कोर ओरिजिनल लावून बाजूला ठेवतं, त्यामुळे बिनधास्त चालवा.

फक्त एकच फोटो झटकन बघायचा असेल तर इथेच थांबता येतं. व्हीएलसीच्या ३.० पासूनच्या आवृत्त्या (२०१८ पासून) ही खूण वाचून फोटो गोल करून दाखवतात, माउसने ओढून फिरवता येतो. अडचण एवढीच की व्हीएलसी चित्राला दहा सेकंदांचा व्हिडिओ समजतं आणि वेळ संपली की बंद करतं. म्हणून असं उघडा:

व्हीएलसी --इमेज-ड्यूरेशन=-१ राजगड.जेपीजी

उणे एक म्हणजे कायम. मोठ्या फोटोंना, अर्धवट पॅनोरमाला किंवा एकाहून अधिक जागा जोडायला मात्र व्हीएलसी पुरत नाही.

२. ग्राफिक्स कार्ड कामाला लागलंय का

वेबजीएलचं सगळं काम ग्राफिक्स कार्डावर चालतं. ड्रायव्हर नीट नसेल तर लिनक्स तक्रार न करता तेच काम प्रोसेसरवर ढकलतं. मग फोटो दिसतो, पण फिरवताना अडखळतो, पंखा घरघरायला लागतो, आणि दोष विनाकारण व्ह्यूअरला जातो. तपासा:

जीएलएक्सइन्फो -बी (बी मोठा)

रेंडररच्या ओळीत इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया असं नाव आलं पाहिजे. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं तर प्रोसेसरवर काम चाललंय. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर मेसा या लिनक्सच्या ग्राफिक्स संचाबरोबर येतात, त्यामुळे सिस्टिम अपडेट करून एकदा रीस्टार्ट करणं बहुतेकदा पुरतं. एनव्हिडियासाठी उबंटूवर सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल चालवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवत असाल तर त्या मशीनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये थ्रीडी ॲक्सलरेशनवर खूण करा.

आता तुमच्या कार्डाची मर्यादा:

जीएलएक्सइन्फो -एल | ग्रेप मॅक्स_टेक्स्चर_साइझ (एल लहान, ग्रेपनंतरचे शब्द मोठ्या अक्षरांत)

जुन्या मशीनवर ४०९६ किंवा ८१९२ येतं, अलीकडच्यांवर १६३८४. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पायरी ७ मध्ये लागेल. फोटोची रुंदी या आकड्याच्या आत असली की पुढचं सगळं सरळ आहे.

ब्राउझरमध्येही खात्री करून घ्या. फायरफॉक्सच्या ॲड्रेसबारमध्ये अबाउट:सपोर्ट टाइप करा आणि ग्राफिक्सच्या भागात वेबजीएलच्या ओळी शोधा. क्रोममध्ये क्रोम://जीपीयू. लिबरवुल्फ हा फायरफॉक्सवर आधारलेला ब्राउझर वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं, तिथे वेबजीएल मुळातच बंद ठेवलेलं असतं.

३. पॅनेलम उतरवा आणि फोल्डर लावा

पॅनेलमच्या संकेतस्थळावरच्या डाउनलोड पानावरून तयार झिप घ्या. गिटहबच्या रिलीज पानावर तिच्या शेजारीच सोर्स कोड नावाचीही झिप असते. ती घेऊ नका, त्यात फाइली वेगवेगळ्या उपफोल्डरांत विखुरलेल्या असतात. झिप उघडल्यावर पॅनेलम.एचटीएम, पॅनेलम.जेएस आणि पॅनेलम.सीएसएस या तिन्ही फाइली एकाच ठिकाणी दिसल्या की बरोबर झिप आली.

होम फोल्डरमध्ये पॅनो नावाचा एक फोल्डर करा. तिन्ही फाइली आणि तुमचा फोटो त्यातच ठेवा. फोटोचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. लिनक्सला जेपीजी हे लहान अक्षरांतलं आणि मोठ्या अक्षरांतलं वेगवेगळं वाटतं, आणि कॅमेरे बहुतेक वेळा मोठ्या अक्षरांत लिहितात. नावात मोकळी जागा असली की पत्त्यात तिच्याऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि २० लिहावं लागतं. आधीच नाव बदलून टाका, तेवढीच कटकट कमी.

४. स्थानिक सर्व्हर चालू करा

इथे जवळजवळ प्रत्येक जण अडकतो. पॅनेलम.एचटीएमवर डबल क्लिक केलं तर पान उघडतं, पण फोटोच्या जागी लोड करता आलं नाही असा निरोप येतो. कारण असं: पॅनेलम फोटो स्वतंत्र विनंती करून मागवतं, आणि थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचायला ब्राउझर मनाई करतं. क्रोमची ही सवय जुनीच आहे. फायरफॉक्स एके काळी त्याच फोल्डरमधल्या फाइली वाचू देत असे, पण ६८ व्या आवृत्तीपासून (२०१९) त्यानेही ते बंद केलं. ‘फायरफॉक्समध्ये डबल क्लिक करा, चालेल’ असं सांगणाऱ्या सूचना त्याआधीच्या आहेत. ही मनाई सुरक्षेसाठी आहे. ती ब्राउझरच्या सेटिंगमधून उठवू नका.

उपाय दोन ओळींचा:

सीडी ~/पॅनो
पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८००० --बाइंड १२७.०.०.१

टर्मिनलची ही खिडकी उघडीच ठेवा. काम संपलं की कंट्रोल आणि सी दाबून बंद करा. शेवटचा बाइंडचा भाग गाळू नका. तो नसेल तर त्याच वायफायवरच्या कोणालाही तुमच्या फोल्डरमधल्या फाइली बघता येतात. आज्ञा होम फोल्डरमधून चालवली असेल तर अख्खा होम फोल्डर उघडा पडतो.

सर्व्हरचा आणखी एक फायदा आहे. उबंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप (बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) म्हणून येतो आणि स्नॅपला लपवलेले फोल्डर किंवा बाहेरच्या डिस्कवरच्या फाइली सहजासहजी वाचता येत नाहीत. इथे फाइल पायथन वाचतं आणि ब्राउझरला आयती देतं, त्यामुळे फोटो पेन ड्राइव्हवर असला तरी अडत नाही.

५. फोटो उघडा

ब्राउझरच्या ॲड्रेसबारमध्ये:

लोकलहोस्ट:८०००/पॅनेलम.एचटीएम#पॅनोरमा=राजगड.जेपीजी&ऑटोलोड=ट्रू

ऑटोलोडमधला एल मोठा. एचटीएमनंतर हॅशचं चिन्ह आहे. जुन्या सूचनांमध्ये तिथे प्रश्नचिन्ह सापडेल, ते जुन्या आवृत्त्यांसाठी होतं. माउसने ओढून फिरवा, चाकाने जवळ-लांब करा.

हॅशनंतरचा भाग बदलून नुसतं एंटर दाबलं तर ब्राउझर पान नव्याने आणत नाही आणि जुनाच फोटो दिसत राहतो. दर बदलानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा.

६. अर्धवट पॅनोरमा असेल तर

गडाच्या माचीवरून फोनने डावीकडून उजवीकडे फिरवत घेतलेला फोटो पूर्ण गोल नसतो. तो तसाच दिला तर पॅनेलम त्याला गोलभर ताणतं आणि समोरची डोंगररांग उंचच उंच होते. फोटोने किती अंश व्यापले आहेत हे तुम्ही सांगायचं: आडवे अंश म्हणजे एचएओव्ही आणि उभे अंश म्हणजे व्हीएओव्ही.

आडवे अंश अंदाजाने ठरवा. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत फिरला असाल तर १८०. उभे अंश काढायला सोपा हिशोब आहे: आडवे अंश गुणिले उंची भागिले रुंदी. १२००० × ३००० चा फोटो १८० अंशांचा असेल तर ४५ येतात. काटेकोर बोलायचं तर फोनचा पॅनोरमा दंडगोलावर मांडलेला असतो, आणि त्या हिशोबाने याच फोटोचे ४३ येतात. एवढा फरक डोळ्याला जाणवत नाही. उभे अंश ६० च्या वर गेले तर मात्र वरचा-खालचा भाग ताणलेला दिसू लागतो. मग हगिनमध्ये प्रक्षेपण बदलून घ्यावं.

पत्त्याच्या शेवटी &एचएओव्ही=१८०&व्हीएओव्ही=४३ जोडा. क्षितिज चित्राच्या मधोमध नसेल तर व्हीऑफसेट (ओ मोठा) याने वरखाली सरकवता येतं.

इथे एक सापळा आहे. ३६० चा फोटो नंतर कापला असेल तर आतली माहिती जुनीच राहते आणि पॅनेलम तिच्यावर विश्वास ठेवतं.  इग्नोरजीपॅनोएक्सएमपी=ट्रू असं जोडा (जी, पी आणि एक्सएमपी मोठ्या अक्षरांत), म्हणजे तुमचेच आकडे घेतले जातील.

७. फोटो कार्डाच्या मर्यादेपेक्षा मोठा असेल तर

हा फोटो तुमच्या उपकरणासाठी फार मोठा आहे, असा निरोप पॅनेलम स्वतःच देतं. फाइल किती एमबीची आहे याचा इथे संबंध नाही. जेपीजी उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. ८१९२ × ४०९६ चा फोटो डिस्कवर दहा-पंधरा एमबी असला तरी ग्राफिक्सच्या मेमरीत १२८ एमबी घेतो, १६३८४ × ८१९२ चा ५१२ एमबी.

सोपा उपाय म्हणजे आकार कमी करणं:

कन्व्हर्ट मोठा.जेपीजी -रीसाइझ ८१९२एक्स४०९६ -क्वालिटी ९२ छोटा.जेपीजी

इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत कन्व्हर्टऐवजी मॅजिक लिहा. रुंदी किंवा उंची मर्यादेबाहेर, किंवा कॅशची साधनं संपली, अशी चूक आली तर ती डेबियन-उबंटूने मुद्दाम घातलेली मर्यादा आहे. ईटीसी फोल्डरमधल्या इमेजमॅजिकच्या पॉलिसी.एक्सएमएल फाइलीत रुंदी, उंची, मेमरी आणि डिस्कचे आकडे वाढवा.

तपशील गमवायचा नसेल, उदाहरणार्थ शिलालेख किंवा मंदिराचं कोरीवकाम वाचता यायला हवं असेल, तर आकार कमी करू नका, तुकडे पाडा. पॅनेलमच्या सोर्स कोडमध्ये युटिल्स/मल्टिरेस या फोल्डरात जनरेट.पीवाय ही स्क्रिप्ट आहे (यापुरती सोर्स कोडची झिप उपयोगी). ती हगिनमधल्या नोना या साधनाने गोलाचा सहा बाजूंचा घन करते आणि प्रत्येक बाजूचे ५१२ पिक्सेलचे तुकडे पाडते. बघताना समोरचे तेवढेच तुकडे येतात, म्हणून जुन्या लॅपटॉपवरही भलामोठा फोटो हलका चालतो.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-पीआयएल पायथन३-नमपाय
पायथन३ जनरेट.पीवाय मोठा.जेपीजी

पिप या पायथनच्या साधनाने ही पॅकेजं टाकायला गेलात तर डेबियन १२ आणि अलीकडच्या उबंटूवर एक्स्टर्नली मॅनेज्ड अशी चूक येते. ती मोडून पुढे जाऊ नका, वरची ॲप्टची ओळ पुरते. नोना सापडत नाही असं आलं तर हगिन-टूल्स टाकायचं राहिलंय.

स्क्रिप्ट संपल्यावर आउटपुट नावाचा फोल्डर तयार होतो. तो उचलून पॅनोमध्ये ठेवा आणि पत्ता असा द्या:

लोकलहोस्ट:८०००/पॅनेलम.एचटीएम#कॉन्फिग=आउटपुट/कॉन्फिग.जेसन

८. दोन-तीन जागा जोडायच्या असतील तर

वाड्याच्या दिंडी दरवाजातून चौकात आणि चौकातून माजघरात, असं फिरता येण्यासाठी जेसन या ठरावीक रचनेत एक कॉन्फिग फाइल लिहावी लागते, समजा वाडा.जेसन. ती पायरी ७ मधल्यासारखीच पत्त्यात कॉन्फिग= नंतर द्यायची. तिच्यात डिफॉल्ट या भागात फर्स्टसीन आणि सीन्स या भागात प्रत्येक जागेचा फोटो द्यायचा. एकीकडून दुसरीकडे नेणाऱ्या खुणा हॉटस्पॉट्समध्ये येतात. प्रत्येक खुणेला पिच (वर-खालचा कोन), यॉ (डावा-उजवा कोन), टाइप (त्याची किंमत सीन) आणि सीनआयडी लागतो. फर्स्टसीनमधला दुसरा एस, हॉटस्पॉट्समधला मधला एस आणि सीनआयडीमधला आय मोठा.

खूण नेमकी दारावर कशी बसवायची? कॉन्फिगमध्ये हॉटस्पॉटडीबग ट्रू करा (एस आणि डी मोठे), ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल उघडा आणि फोटोत दारावर क्लिक करा. पिच आणि यॉचे आकडे तिथे छापून येतात, तेच उचलायचे.

शीर्षकं खुशाल मराठीत लिहा, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. जेसनमध्ये शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम चालत नाही आणि टिपाही लिहिता येत नाहीत. पान कोरं राहिलं तर आधी हे चालवा:

पायथन३ -एम जेसन.टूल वाडा.जेसन

चूक कितव्या ओळीत आहे, ते लगेच कळतं.

९. तरीही अडलं तर

सर्व्हर सुरू होताना पत्ता आधीच वापरात आहे असं आलं, तर जुन्या टर्मिनलमध्ये तो अजून चालू आहे. तो बंद करा किंवा ८००० ऐवजी ८००१ घ्या. पत्त्यातही तोच आकडा बदला.

४०४ (फाइल सापडली नाही) दिसलं तर सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये नजर टाका. ब्राउझरने नेमकी कोणती फाइल मागितली, ते तिथे ओळीने छापलेलं असतं. बहुतेकदा अक्षरांचा लहान-मोठा फरकच निघतो.

फोनवर बघायचं असेल तर घरच्या वायफायवर तेवढ्यापुरता बाइंडचा भाग काढा, होस्टनेम -आय (आय मोठा) चालवून लॅपटॉपचा पत्ता मिळवा आणि फोनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टऐवजी तो टाका. फोन हलवून फोटो फिरवण्याचं बटण तिथे दिसणार नाही. ती सोय फक्त एचटीटीपीएसवर मिळते, पायथनचा हा साधा सर्व्हर ते देत नाही. बोटाने ओढून मात्र सगळं बघता येतं.

जुन्या सीडीवर क्विकटाइम व्हीआरच्या (ॲपलची जुनी ३६० फोटोंची पद्धत) एमओव्ही फाइली असतील तर पॅनेलम त्या थेट उघडत नाही. पॅनोटूल्स-स्क्रिप्ट या संचात क्यूटीव्हीआर२इरेक्ट नावाचं साधन आहे. ते अशा फाइलीतून २:१ चं साधं चित्र काढून देतं, आणि ते चित्र पायरी १ पासून इतर फोटोंसारखंच वापरता येतं.